चोवीस वर्षांनी घरी



कोकणातल्या आपल्या एखाद्या मोहल्ल्यात दुपारच्या एस.टी.तून कोणी मोठमोठ्या बॅगा घेऊन उतरला, की तो कुठून आला हे कोणाला विचारावे लागत नाही. पोरे पुढे धावतात, कोणी बॅग डोक्यावर घेतो, कोणी आधीच घरी जाऊन वर्दी देतो. दारात आई उभी असते. तिचे लक्ष बॅगांकडे नसते. "किती सुकलास रे बाबा," एवढेच ती म्हणते आणि तोंडावरून हात फिरवते. मग चहा होतो, माणसे जमतात, अत्तराच्या बाटल्या आणि कापडाचे तागे बाहेर निघतात. या गडबडीत आलेला माणूस मध्येच हळू आवाजात विचारतो, "फलाणे चाचा दिसले नाहीत ते?" आणि खोलीत क्षणभर शांतता पसरते.

हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. काहींनी तो अंगावर घेतला आहे. १९७३ साली तेलाचे भाव चढले आणि त्यानंतर आपली तरुण मुले मोठ्या संख्येने आखाती देशांत गेली, हे सर्वांना ठाऊक आहे; पण त्यापूर्वीही आपली माणसे आगबोटींवर खलाशी म्हणून जात होती, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकाने थाटत होती. परदेश आपल्याला नवा नाही. मात्र परदेशाविषयी बोलताना आपण जाण्याचेच बोलतो. व्हिसा कधी आला, पगार किती, खोलीत किती जण राहतात, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. परत येण्याचे कोणी फारसे सांगत नाही. इतिहासाच्या पुस्तकांचेही तसेच आहे. गेलेल्यांची नावे मोठ्या अक्षरांत असतात, आणि ते परत आले तेव्हा काय झाले ते एका ओळीत उरकलेले असते.

म्हणून आज एका परत आलेल्या माणसाची हकीकत तुमच्यापुढे ठेवतो. त्याचे नाव इब्न बतूता. शाळेच्या पुस्तकात मुहंमद तुघलकाच्या धड्यात त्याचे नाव येते, गुण मिळवण्यापुरते ते आपण लक्षात ठेवतो आणि विसरतो. तो घरातून निघाला १३२५ साली आणि स्वतःच्या मुलखात परतला १३४९ साली.

मोरोक्कोच्या उत्तर टोकाला समुद्रावर टांजियर नावाचे शहर आहे. अरबीत त्याला तंजा म्हणतात. तिथल्या काझींच्या घराण्यात तो जन्मला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, हिजरी ७२५ च्या रजब महिन्यात, हज करण्यासाठी तो एकटाच बाहेर पडला. सोबत काफिला नव्हता, दोस्त नव्हता. आई आणि वडील दोघेही हयात होते, आणि त्यांना सोडताना त्याला जसे दुःख झाले तसेच त्यांनाही झाले, हे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. बहुतेक मुलांप्रमाणे त्यालाही वाटले असावे की दीड-दोन वर्षांची गोष्ट आहे.

निघाल्यावर थोड्याच दिवसांनी तो ट्यूनिसला पोहोचला. गावचे लोक काफिल्याला सामोरे आले, ज्याची त्याची गळाभेट झाली, सलाम-दुआ झाली. या मुलाला मात्र कोणीच सलाम केला नाही, कारण तिथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते. त्याला रडू आवरेना. एका हाजीने ते पाहिले, तो जवळ आला आणि गावात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. तीस वर्षांनी आठवणी सांगताना त्याने किती बादशहांचे दरबार वर्णिले! तरी हा अनोळखी गावातला न मिळालेला सलाम तो विसरला नव्हता. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे वसतिगृहात राहून शिकतात त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचा प्रवास मी भरभर सांगतो, कारण तो पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. मिसर, शाम, मक्का, इराक, आफ्रिकेचा पूर्व किनारा, आनातोलिया, मध्य आशिया असे करीत तो हिंदुस्थानात उतरला. दिल्लीत मुहंमद तुघलकाने त्याला काझी नेमले आणि वर्षाला १२,००० दिनार तनखा बांधून दिला. एवढ्या पगारातही त्याच्यावर ५५,००० दिनारांचे कर्ज झाले आणि ते अखेर सुलतानाला फेडावे लागले. (परदेशी कमाईचा हा अनुभवही काही घरांना परका नसावा.) मग सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले, आणि त्या वाटेवर तो आपल्या भागातून गेला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला, तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ केली, नंदुरबारच्या मराठ्यांच्या शाकाहारी जेवणाची आणि कारागिरीची नोंद केली. खंबायतेहून समुद्रमार्गे तो दक्षिणेकडे होनावरला उतरला. पुढे कालिकतच्या बंदरात वादळाने नजराण्यांचे जहाज बुडवले. त्याचे स्वतःचे सामान ज्या जहाजावर होते ते त्याला न घेताच निघून गेले. किनाऱ्यावर तो उभा होता तेव्हा त्याच्यापाशी दहा दिनार आणि अंगाखाली अंथरायची सतरंजी एवढेच उरले होते.

चीनमध्ये तो पोहोचला, पण तिथे त्याचे मन रमले नाही. देश सुंदर आहे, सुरक्षित आहे, कारागीर अजोड आहेत, हे सगळे तो मोकळेपणाने कबूल करतो. तरी घराबाहेर पडले की डोळ्यांना नको ते दिसते म्हणून तो शक्यतो दाराआड राहू लागला, आणि कोणी मुसलमान भेटला की सख्खे नातलग भेटल्यासारखे त्याला वाटे. अशातच एका शहरात एक मोठा श्रीमंत फकीह त्याला भेटायला आला. बोलता बोलता इब्न बतूताला वाटू लागले की हा चेहरा आपण कुठे तरी पाहिला आहे. तो टक लावून पाहत राहिला. पाहुण्याने विचारले, असे का पाहता? गाव विचारले, तर तो निघाला सबत्याचा! सबता म्हणजे टांजियरच्या शेजारचे बंदर. नाव अल-बुशरी. वर्षांपूर्वी मिसरूड न फुटलेला मुलगा असताना तो मामाबरोबर दिल्लीस आला होता आणि तिथे दोघांची गाठ पडली होती. आता चीनमध्ये त्याच्यापाशी पन्नास गुलाम होते, अमाप दौलत होती. पण आपले दोन्ही गाव जवळजवळ आहेत हे उमगताच तो रडू लागला, आणि इब्न बतूताही रडला.

वाचकहो, मला वाटते त्याचा परतीचा प्रवास इथूनच सुरू झाला. कागदावर तो पुढे बराच काळ भटकत राहिला, पण मनाने तो त्या दिवशीच वळला.

१३४७ च्या आरंभी तो सुमात्राहून कोल्लमला आला. दिल्लीला जाण्याचा विचार त्याच्या मनात आला, पण बुडालेल्या नजराण्यांचा हिशेब सुलतानाला काय द्यायचा, या भीतीने तो तिकडे फिरकला नाही. तिथून अरबस्तानचा जफार, मग होर्मुझ, शिराझ, बसरा, बगदाद. १३४८ साली तो दमास्कसला पोहोचला, आणि इथे थोडे थांबले पाहिजे.

वीस वर्षांपूर्वी दमास्कसमध्ये त्याने लग्न केले होते आणि गरोदर पत्नीला तिथेच ठेवून तो पुढे गेला होता. हिंदुस्थानात असताना त्याला कळले की मुलगा झाला. त्याने मुलाच्या आजोबांकडे, म्हणजे पत्नीच्या वडिलांकडे, ४० सोन्याचे दिनार पाठवले. त्यानंतर काही खबर नाही. आता शहरात शिरताच त्याच्या मनात एकच गोष्ट होती, मुलगा. तो थेट मशिदीत गेला. तिथे मालिकी पंथाचे जुने इमाम भेटले. त्याने सलाम केला, पण त्यांनी ओळखले नाही. त्याने आपले नाव सांगितले आणि मुलाची चौकशी केली. इमामसाहेबांनी सांगितले की मुलगा बारा वर्षांपूर्वीच वारला.

मग ते म्हणाले की टांजियरचे एक बुजुर्ग इथल्या मदरशात राहतात, घरचे वर्तमान त्यांना विचार. तो तसाच तिकडे गेला. त्या वृद्ध गृहस्थांना त्याने आपण कोणाचा मुलगा ते सांगितले. त्यांच्याकडून कळले की वडिलांना जाऊन पंधरा वर्षे झाली. आई मात्र हयात आहे.

एकाच दिवशी, एका मशिदीपासून एका मदरशापर्यंतच्या अंतरात, त्याला हे दोन्ही कळले. पंधरा वर्षे तो ज्या बापाला मनात जिवंत धरून चालला होता तो केव्हाच मातीआड झाला होता. त्या पंधरा वर्षांत त्याने दिल्लीत न्यायदान केले, मालदीवमध्ये काझीपण केले, लग्ने केली, नजराणे घेतले आणि दिले. पालकहो, तार आणि टेलिफोन नसलेल्या काळाची ही गोष्ट आहे असे म्हणून आपण ती बाजूला सारू शकतो. आज तर मोबाइलवर दुबईचा माणूस रोज रात्री चेहरा दाखवतो. पण ज्यांच्या घरी वडिलांची मय्यत झाल्यावर मुलगा चौथ्या दिवशी पोहोचला, त्यांना विचारून पाहा. पंधरा वर्षे आणि चार दिवस यांत त्या मुलाला किती फरक वाटला असेल, ते मला ठरवता येत नाही.

इब्न बतूतावर माझी एक तक्रारही आहे, ती इथेच सांगून टाकतो. मुलाची आई, त्याची स्वतःची पत्नी, तिचे काय झाले? तिच्याविषयी तो एक अक्षर लिहीत नाही. विद्वान आणि धर्मशील म्हणून त्याचा आदर करावा, पण वाटेवर मागे सोडलेल्या बायकांच्या बाबतीत तो सहज विसरणारा माणूस होता. घरी येण्याचा आनंद ज्याला हवा असतो, त्याच्यासाठी घर कोणीतरी धरून ठेवलेले असते. ते काम बहुधा बायकांनी केलेले असते, आणि प्रवासवर्णनात त्याला जागा मिळत नाही.

आई हयात आहे, ही एकच दिलाशाची खबर घेऊन तो निघाला. त्याच वर्षी महामारी आली. युरोपात जिला पुढे काळा मृत्यू हे नाव पडले तीच ही प्लेगची साथ. हलब शहरात असताना गाझ्यात माणसे मरू लागल्याचे त्याला कळले. तो दमास्कसला परतला तेव्हा शहराने तीन दिवस रोजे धरले होते. मग एका सकाळी मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तौरात घेऊन आणि ख्रिस्ती इंजील घेऊन, बायका-मुलांसकट, अनवाणी पायांनी शहराबाहेरच्या मशिदीकडे चालत गेले आणि सर्वांनी मिळून दुआ मागितली. हे दृश्य त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. जेरुसलेम, गाझा, कैरो, जिथे जावे तिथे ओळखीची माणसे गेलेली. अशा काळात तो पुन्हा मक्केला गेला, हज केला आणि कैरोला परतला. तिथे त्याने ऐकले की आपल्या मुलखात मरीनी घराण्याचा सुलतान अबू इनान याने राज्याची घडी बसवली आहे. तेव्हा घराची, माणसांची आणि स्वतःच्या भूमीची ओढ त्याला असह्य झाली. तसे तो उघडपणे सांगतो.

१३४९ च्या वसंतात ट्यूनिसच्या एका छोट्या गलबतात बसून तो पश्चिमेला निघाला. ट्यूनिसला पोहोचला तेव्हा शहराला वेढा पडलेला होता, तरी आत जाता आले. आणि वाचकहो, ज्या शहरात चोवीस वर्षांपूर्वी त्याला कोणी सलामही केला नव्हता, त्या शहरात या वेळी तो आपल्याकडच्या, नात्यातल्या माणसाच्या घरी उतरला. घर अजून शेकडो कोस लांब होते. पण आपली बोली बोलणारा, आपल्या आजोबांचे नाव ठाऊक असलेला माणूस दार उघडतो, त्या क्षणी अर्धे घर आलेले असते. मुंबई बंदरात उतरून आधी गावाच्या जमातीच्या खोलीवर जाणाऱ्या आपल्या खलाशांना हे चांगले ठाऊक होते. एस.टी. दुसऱ्या दिवशीची असे, पण झोप त्या रात्री लागे.

पुढचा टप्पा त्याने कॅटलन लोकांच्या जहाजातून केला. जहाज सार्डिनिया बेटाला लागले, आणि तिथले काही लोक बाहेर पडताच पाठलाग करून आपल्याला कैद करणार अशी कुणकुण लागली. चीनपासून सुखरूप आलेला माणूस घराच्या तोंडाशी गुलाम व्हायचा! त्याने नवस केला, की यातून सुटका झाली तर सलग दोन महिने रोजे धरीन. सुटका झाली. आजच्या अल्जीरियाच्या किनाऱ्यावर, तेनेस बंदरात तो उतरला आणि खुष्कीने पुढे निघाला. तिलिमसान मागे पडले. ताझा नावाच्या गावी तो आला. फेज राजधानी आता अगदी जवळ होती आणि तिच्यापुढे थोड्या दिवसांच्या वाटेवर टांजियर.

ताझ्यात त्याला कळले की आई प्लेगमध्ये गेली.

त्याने यावर काही भाष्य केलेले नाही. एका वाक्यात त्याने ते सांगितले आणि पुढच्या वाक्यात तो फेजला पोहोचला. चोवीस वर्षे चालून आलेला मुलगा थोड्या अवकाशाने चुकला होता. तो सरळ टांजियरला न जाता आधी राजधानीला का गेला, असे कोणी विचारील. माझा अंदाज असा, की त्या घरी जाण्याची घाई करावी असे आता काही उरलेच नव्हते.

मग याला घरी येण्याचा आनंद म्हणायचे कसे? आनंद होता, आणि तो खोटा नव्हता. म्हणूनच ही हकीकत मी निवडली. हिजरी ७५० च्या शाबान महिन्याच्या अखेरीस, इसवी सनाप्रमाणे नोव्हेंबर १३४९ मध्ये, तो फेजला पोहोचला. सुलतानाने त्याचे स्वागत केले, आणि त्याच्या आठवणींत इथून काही पाने अशी येतात की ती वाचताना म्हातारा मुशाफिर बाजारात हिंडणाऱ्या पोरासारखा दिसू लागतो. सुलतानाची स्तुती त्याने केली आहेच. ती दरबारी रीत, तिच्याकडे आपण फार लक्ष देऊ नये. पण त्यानंतर तो मटणाचा भाव सांगू लागतो! मिसरमध्ये जेवढ्याला मटण मिळते त्याच्या तिसऱ्या हिश्शात आमच्याकडे महागाईतही मिळते. तूप तर मिसरमध्ये बहुधा दिसतच नाही. तिथले लोक तोंडी लावायला काय खातात, तर मोठ्या कढयांत तिळाच्या तेलात शिजवलेली मसूर आणि हरभरे, नाही तर दह्यातला भोपळा, नाही तर अळूचे कांदे! शामची फळे चांगली, पण महाग. आमचे नाणे लहान, पण त्याला बरकत मोठी. असे तो सांगत सुटतो. सगळ्या जगात फिरून तुलना केली तर आमचा मगरिबच सर्वांत चांगला, हा त्याचा निकाल.

अळूवर नाक मुरडलेले आपल्याला पटणार नाही. तरी हा माणूस ओळखीचा वाटतो की नाही? घरी आलेला आपला मुलगाही पहिल्या चार दिवसांत असेच करतो. तिकडचे मासे बर्फातले, इकडचा बांगडा आत्ता होडीतून उतरलेला. तिकडचे पाणी बाटलीतले, इकडे विहिरीचे. तिकडच्या तांदळाला वास नाही. त्याची आई हसत ऐकते आणि आणखी एक घावन ताटात टाकते. बाजारभावाने देशांची तुलना करणे हे भूगोलाच्या शास्त्रात बसत नसेल. पण ज्याला कवटाळायचे त्या आई-बापाला कवटाळता आले नाही, त्याने आपला जीव मटणाच्या आणि तुपाच्या भावात ओतला, असे मला ती पाने वाचताना वाटते. माणसे गेली होती, पण चव गेली नव्हती. भाकरीला पूर्वीचाच वास होता, बाजारात पूर्वीचीच बोली होती, आणि कोणतेही नाणे हातात घेतले तर त्याचे मोल समजून घ्यायला दुभाष्या लागत नव्हता.

त्यानंतर तो टांजियरला गेला आणि आईच्या कबरीची जियारत केली. तिथून सबत्याला गेला, आणि आजारी पडून तीन महिने अंथरुणाला खिळला. वाळवंटे, वादळे, लुटारू यांतून निभावलेले शरीर घरी आल्यावर पडले, यात नवल नाही. बरा झाल्यावर मात्र तो पुन्हा निघाला. आधी अंदलुस, मग १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली. हा प्रवास संपवून १३५४ च्या आरंभी तो फेजला आला तो कायमचा.

आता सुलतानाने हुकूम केला, की जे पाहिले ते सर्व सांगावे. ते लिहून काढण्यासाठी इब्न जुझय नावाचा ग्रॅनाडाचा तरुण कातिब नेमला. इब्न बतूताची काही टिपणे हिंदुस्थानच्या समुद्रात चाच्यांनी लुटली होती. त्यामुळे पुष्कळसे आठवणीतूनच सांगावे लागले. डिसेंबर १३५५ मध्ये सांगणे संपले. हाच तो 'रिहला' ग्रंथ, म्हणजे प्रवास.

जरा डोळ्यांपुढे आणा. फेजच्या एका खोलीत तो बसला आहे. ज्याने कधी आंबा पाहिला नाही अशा कातिबाला तो आंबा कसा असतो, कैरीचे लोणचे कसे घालतात, फणस झाडाच्या कोणत्या भागाला लागतो, मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून वर तूप घालून खिचडी कशी करतात, ते सांगतो आहे. घरी असताना परदेशाची चव आठवायची, परदेशात असताना घराची, हा मुशाफिराचा न सुटणारा रोग आहे. आणि याच खोलीत त्याने होनावरची एक गोष्ट सांगितली, जी या संस्थेच्या स्मरणिकेत सांगितलीच पाहिजे. होनावरचे मुसलमान आपल्यासारखेच शाफई पंथाचे. त्या गावात त्याने मुलांच्या २३ शाळा पाहिल्या आणि मुलींच्या १३. तिथल्या बायकांना कुराण मुखोद्गत होते. असे दुसरीकडे कुठेही पाहिले नाही, असे जग पाहिलेला तो माणूस म्हणतो. कोकणच्या दक्षिणेला, आपल्याच किनाऱ्यावर, १३४२ च्या सुमारास मुलींच्या तेरा शाळा होत्या हे आज आपल्याला माहीत आहे, कारण एक माणूस घरी परतला आणि कोणीतरी त्याच्याजवळ कागद-कलम घेऊन बसले.

लोकांनी विश्वास ठेवला का? सर्वांनी नाही. तरुण इब्न खल्दून त्या वेळी फेजच्या दरबारात होता. पुढे तो मोठा इतिहासकार झाला. त्याने लिहिले आहे की हिंदुस्थानच्या सुलतानाच्या दौलतीच्या गोष्टी ऐकून लोक आपसांत कुजबुजत, की हा थापा मारतो. इब्न खल्दूनलाही तसेच वाटे आणि त्याने तसे वजिराजवळ बोलून दाखवले. वजिराने त्याला एक दाखला दिला. एका वजिराला सुलतानाने कैदेत टाकले. त्याचा मुलगा कैदखान्यातच वाढला. मुलाला कळू लागल्यावर त्याने विचारले, आपण हे मांस खातो ते कशाचे? बाप म्हणाला, मेंढीचे. मेंढी म्हणजे काय? बापाने सर्व वर्णन केले. तेव्हा मुलगा म्हणाला, म्हणजे उंदरासारखी असते का? त्याने आयुष्यात उंदराशिवाय दुसरा प्राणी पाहिलाच नव्हता.

घरी आलेल्याला हे सोसावे लागते. तोंडावर हसणारे भेटतात, मागे "फार मोठ्या गप्पा मारतो" म्हणणारे भेटतात. आपल्या वाडीतही ते असतात. मुलांनो, तुमच्या घरी कोणी आजोबा आगबोटीवर होते का? कोणी चाचा कुवेतला, मोंबासाला, केपटाउनला राहिले होते का? त्यांच्या सांगण्यातले निम्मे खोटे वाटले तरी एक शंभर पानी वही घ्या आणि ते सांगतील तसे लिहा. तारखा चुकतील, चुकू द्या. इब्न बतूताच्याही चुकल्या आहेत.

त्याचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. कुठल्याशा गावी तो काझी झाला, आणि १३६८-६९ च्या सुमारास वारला असे मानतात. ग्रंथही शतकानुशतके फारसा कोणाच्या वाचनात नव्हता. एकोणिसाव्या शतकात त्याच्या हस्तलिखित प्रती फ्रेंचांच्या हाती आल्या आणि १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसमध्ये तो चार खंडांत छापला गेला.

एक गोष्ट मागे राहिली. मालीच्या प्रवासाला जाताना, १३५२ साली, सहाराच्या कडेला असलेल्या सिजिलमासा शहरात तो एका आलिमाच्या घरी मुक्कामाला होता. त्यांचे आडनाव ऐकून तो चमकला. ते अल-बुशरी होते. चीनमध्ये ज्याच्या गळ्यात पडून तो रडला होता, त्याचे सख्खे भाऊ. एक भाऊ चीनमध्ये आणि एक इथे वाळवंटाच्या तोंडाशी, केवढे हे अंतर, असे नवल त्याने नोंदवले आहे. घरच्या माणसाने त्याचा चांगला पाहुणचार केला. रात्री जेवणानंतर त्या दोघांचे काय बोलणे झाले ते त्याने लिहिलेले नाही. पण चिनातून आलेला, भावाला डोळ्यांनी पाहिलेला माणूस समोर बसला असताना घरच्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल, तो कसा आहे, की तो कधी येणार आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्याहून अधिक खात्रीने सांगू शकतील.